हिला हौस आहे

नवऱ्याचा पगार कमी झाला हे त्याने मला सांगितलं नाही. मला ते कांद्यांवरून कळलं. ज्या माणसाने लग्नापासून कधी भाजीची पिशवी हातात धरली नव्हती, तो एका रविवारी सकाळी उठून जुन्या पनवेलच्या बाजारात गेला आणि स्कूटरवर पायाशी गोण ठेवून परत आला. गोणीत लिंबाएवढे कांदे. होलसेलमध्ये फार स्वस्त पडले, म्हणाला. एवढे बारके कांदे सोलायला किती वेळ जातो हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, कारण सोलणारी मी होते. मी विचारलं, "अहो, झालंय काय?" तर म्हणाला, "काही नाही. जरा हात आखडता घ्यायला हवा."

समोरासमोर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र अरे-तुरे करणार आहे. तेवढी मोकळीक मला हवी.

तो मुंबईत मालवाहतुकीच्या एका ऑफिसात होता. त्या ऑफिसने कारभार उरणजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामाकडे हलवला, जुनी माणसं ठेकेदाराच्या हाताखाली घातली आणि पगार कापले. ज्याला पटत नसेल त्याने घरी बसावं, असंही सांगितलं. ही सगळी हकीकत मला त्याच्याच ऑफिसातल्या एकाच्या बायकोने सांगितली, तीसुद्धा मला माहीत असेल असं धरून. मी "हो ना" म्हणत राहिले. त्या दिवशी मला जी चीड आली ती पगार कापणाऱ्यांची कमी आणि नवऱ्याची जास्त होती.

मग आमच्या घरी काटकसरीचं राज्य सुरू झालं. नवरा जेवून झालं की सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाइलवर व्हिडिओ बघायचा. पैसे वाचवण्याचे सोपे उपाय, घरखर्च निम्मा करा, असले. बघून झाले की मला सांगायचा. डाळ रात्री भिजत घाल, गॅस कमी लागतो. कपडे एक दिवसाआड धू. गिझर लावायचा नाही. इस्त्रीवाल्याकडे कपडे द्यायचे नाहीत. पेपर बंद, कारण बातम्या मोबाइलवर मिळतात. मिळतात त्याला, माझ्या मोबाइलवर धड फोटोही उघडत नव्हता. आणि शेवटी, धुण्याभांड्याची बाई बंद. बाई बंद केली म्हणजे भांडी बंद झाली नव्हती. इस्त्रीवाला बंद केला म्हणजे त्याचे शर्ट आपोआप ताठ होत नव्हते. घरात जी म्हणून बचत झाली ती माझ्या अंगावरून गेली. रविवारची सुरमई मात्र चालू राहिली आणि क्रिकेटचं जे काय मोबाइलवर भरायचं असतं तेही. मी एकदा म्हटलं, "सुरमईऐवजी बांगडा आणला तर?" तर तो म्हणाला, "माणसाने आठवड्यात एक दिवस तरी नीट जेवावं ना."

तरीही पुरेना. मुलगी फार्मसीला होती आणि त्या कॉलेजची फी डाळ भिजवून निघणारी नव्हती. सहामाही जवळ आली की घरातलं वातावरण बिघडायचं. एकदा तो म्हणाला, एक वर्ष गॅप घेईल, त्यात काय मोठंसं. मुलगी आत जाऊन दार लावून बसली. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रात जाऊन उभी राहिले.

हे केंद्र म्हणजे एका शटरचं दुकान. संध्याकाळी ऑफिसातून परतणारी माणसं तिथून पोळ्यांची पुडकी आणि भाजीचा डबा घेऊन घरी जातात. मालकीणबाई तोंडाने फटकळ पण व्यवहाराला चोख होत्या. त्यांनी मला तिथल्या तिथे ओट्यापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "लाटून दाखवा." मी घडीची पोळी लाटली, भाजली, त्यांनी ती उलगडून पदर बघितले, चुरगाळून पाहिली आणि म्हणाल्या, "उद्यापासून शंभर-सव्वाशे द्या. पीठ-तेल तुमचं. मऊ राहिल्या पाहिजेत, सकाळी डब्याला नेतात लोक." एवढ्या वर्षांत माझ्या पोळीची परीक्षा घेऊन तिला पास करणारं हे पहिलंच माणूस. मला घरी येताना रिक्षाऐवजी चालत यावंसं वाटलं, इतकी मी खूश होते.

नवऱ्याने दोन अटी घातल्या. बिल्डिंगमध्ये कळता कामा नये, ही पहिली. आमची बिल्डिंग नवीन पनवेलमधली, नोकरदारांची. एकाच जिन्यावरचे, सगळे एकमेकांना ओळखणारे. तिथे 'यांची बायको पोळ्या लाटते' असं व्हायला नको होतं. आम्ही तळमजल्याला आहोत, त्यामुळे मागच्या गॅलरीतून क्रेट बाहेर द्यायचे असं ठरलं. जवळच्या ओवे गावातला एक रिक्षावाला केंद्राचा माल ने-आण करायचा. तो दुपार कलली की मागच्या बाजूला येऊन गॅलरीच्या गजांवर टकटक करायचा आणि म्हणायचा, "वयनी, पोल्या झाल्या काय?" तेवढं सोडलं तर त्या धंद्याचा बाहेर आवाज नव्हता.

दुसरी अट पैशांची. केंद्राच्या बाई दर आठवड्याला मोबाइलवर पैसे पाठवायच्या. त्यांनी नंबर मागितला तेव्हा नवरा म्हणाला, "माझाच दे. तुझ्या डबड्यात ते ॲप चालायचं नाही, आणि घरात एकच खातं असलेलं बरं. हिशेब सोपा पडतो." मीही दिला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पगार म्हणजे बाबांचा, खातं म्हणजे बाबांचं, असंच माहेरीही होतं. तर दर शनिवारी त्याचा मोबाइल टुण्‌ करून वाजायचा आणि त्याच मोबाइलवरून सहामाहीला मुलीच्या कॉलेजात फी जायची. मुलगी त्याच्या गळ्यात पडायची. "थँक्यू बाबा." तो तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. मी तिथेच असायचे, परात खरवडत.

मला पैसे हातात नको होते. हे मी खरं सांगते आहे. गॅसचं बिल वाढलं की तो ते माझ्यासमोर आणून धरायचा, त्याचाही मला फारसा राग येत नव्हता. पुरुषांना गॅसशी तेवढाच संबंध ठेवता येतो. मला एकच हवं होतं. त्याने एकदा, कुणातरी एका माणसासमोर, 'ही कमावते' असं म्हणावं. मोठ्याने नको, हळूच म्हटलं असतं तरी चाललं असतं. मुलीसमोर म्हटलं असतं तर मी बाकी सगळं सोडून दिलं असतं.

तो म्हणायचा ते वेगळंच. त्याचा भाऊ एकदा अवचित घरी आला आणि ओट्यावरची पोळ्यांची चवड बघून चकित झाला, तेव्हा नवरा हसत म्हणाला, "अरे, हिला हौस आहे. मुलगी मोठी झाली, वेळ जात नाही." भाऊ म्हणाला, "बरं आहे, विरंगुळा हवाच." माझ्या डाव्या मनगटावर तव्याची कड लागून उठलेले डाग होते, एकावर एक. विरंगुळ्याचे डाग. मी त्या दोघांना चहा दिला आणि पुन्हा लाटायला लागले.

आता वरच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल. या आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यात गोड बोलणाऱ्या. होळीच्या आधी त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या ना मागे, जीव अडकलाय त्यात. आमच्याकडे पाहुणे यायचेत. करून द्याल? पैसे देईन हं, फुकट नाही मागत." नवऱ्याची अट मोडायला मला एवढं निमित्त पुरलं. मी पुरण वाटलं, पोळ्या केल्या, तूप लावून डब्यात भरल्या आणि वर नेऊन दिल्या. त्यांनी पर्स उघडली आणि विचारलं, "किती झाले सांगा."

आणि मी काय म्हटलं? "राहू द्या हो. तुम्ही काय परक्या आहात?"

आता हे कुणीही मराठी माणूस समजेल. 'राहू द्या' म्हणायचंच असतं. समोरच्याने 'छे छे, असं कसं' म्हणायचं असतं. मग आपण पुन्हा 'अहो, नको' म्हणायचं, मग त्यांनी नोट जबरदस्तीने हातात कोंबायची, आपण 'तुम्ही पण ना' म्हणत ती घ्यायची. माझी आई अशीच होती, तिची आईही. भाऊबीजेला, बारशाला, कुठेही हीच रीत. मी माझ्या वाट्याचं बोलले आणि त्यांच्या वाट्याची वाट बघत उभी राहिले. त्यांनी पर्स मिटली. "तुम्ही म्हणजे ना, अगदी घरच्यासारख्या!" असं म्हणून त्यांनी माझा गालगुच्चा घेतला.

दुसऱ्या दिवशी माझा डबा परत आला. रिकामा डबा परत देऊ नये ही रीत त्यांनी पाळली होती. डब्यात मूठभर साखर होती. मी ती साखर डब्यासकट ओट्यावर आपटली. मुलगी म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मुंगी होती."

नवऱ्याला हे सांगितलं तर त्याला भयंकर आनंद झाला. "बघ, म्हणूनच मी म्हणत होतो, बिल्डिंगमध्ये नको."

याच बाईंनी नंतर आम्हाला जेवायला बोलावलं, त्यांच्या मुलाच्या नोकरीची पार्टी म्हणून. पानात पनीर, जिरा राइस, आणि पोळ्या. मी पहिलीच पोळी उलगडली आणि मला हसू फुटायला लागलं. ती माझी होती. आपण जन्माला घातलेलं पोर गर्दीत ओळखतो तसं आपली पोळी ओळखतो माणूस. पदर किती सुटलेत, कडेला कुठे जाड राहतं, लाटताना मी तांदळाची पिठी लावते ती अजून बोटांना लागत होती. दुपारी रिक्षात बसून गेलेल्या माझ्या पोळ्या स्टेशनला जाऊन संध्याकाळी माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर आल्या होत्या. बाई वाढताना म्हणाल्या, "सकाळपासून लाटतेय, कंबर गेली माझी." आणि नवरा, ज्याने घरी हीच पोळी रोज तोंडात घालताना मान वर केली नाही, तो म्हणाला, "वहिनी, पोळ्या अप्रतिम. काही लोकांच्या हातालाच चव असते."

मी दोन जास्त खाल्ल्या. निदान तेवढं तरी वसूल करावं म्हणून.

वर्षं अशीच गेली. मुलगी पास झाली, तिला एका औषध कंपनीत नोकरी लागली, पहिल्या पगारात तिने बाबांना घड्याळ आणलं आणि मला साडी. साडी छान होती. घड्याळ देताना ती जे बोलली ते मी ऐकलं: "तुम्ही स्वतःचं सगळं मारून माझी फी भरलीत, मला माहितीये बाबा." त्याने घड्याळ हातात घातलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. ही वेळ होती. त्याने घड्याळाकडे बघितलं, मनगट फिरवून उजेडात धरलं आणि म्हणाला, "सुंदर आहे गं." मला त्या क्षणी ते घड्याळ काढून घेऊन खलबत्त्यात घालावंसं वाटलं.

मी स्वतः का नाही सांगितलं, असं कुणी विचारेल. सांगितलं. त्याच आठवड्यात भाजी निवडताना मी मुलीला म्हटलं, "अगं, त्या फीमध्ये पोळ्यांचे पण पैसे होते." ती म्हणाली, "हो गं आई, तू पण किती केलंस, माहितीये." आणि मला मिठी मारली. मिठी अशी, जशी लहान मूल आपण केलेला किल्ला दाखवतं तेव्हा मारतात. पोळ्यांतून भाजीपाल्याचे पैसे सुटतात, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आपल्या तोंडाने आपली कमाई मोजून दाखवणं मला जमेना, आणि माझ्याकडून ते ऐकून घेणं तिला जमेना. हे त्यानेच सांगायला हवं होतं.

मग तिने मुलगा आणला. ऑफिसातलाच, पुण्याचा. त्याला घेऊन त्याचे आईवडील एका रविवारी आमच्याकडे बोलणी करायला येणार होते. आदल्या दिवशी मुलगी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "आई, त्यांच्यासमोर पोळ्यांचं काही काढू नकोस हं. लाज वगैरे नाही वाटत मला. पण त्याची आई बँकेत ऑफिसर होती, उगाच कशाला." मी म्हटलं, "मी काय पाटी लावून बसणार आहे?" ती हसली. नवरा म्हणाला, "उद्याची ऑर्डर नको घेऊस." मी घेतली. रविवारी केंद्रावर सगळ्यात जास्त खप असतो, आणि रविवार दोनदा चुकवला की मालकीणबाई दुसरी बाई बघतात.

पाहुणे सकाळी अकराला यायचे होते. कळंबोलीला गाड्या अडकल्या, ते आले दुपारी, उन्हं उतरायला लागल्यावर. तोवर माझ्या पोळ्या होऊन, गार करून, कापड घालून क्रेटमध्ये भरून झाल्या होत्या. नवऱ्याने क्रेट आतल्या खोलीत नेऊन दार लावलं आणि हॉलमध्ये उदबत्ती लावली. मी सुरळीच्या वड्या केल्या होत्या. मुलाची आई हसतमुख बाई होती, बसल्या बसल्या म्हणाली, "घरात काय छान पोळ्यांचा वास येतोय!" नवरा म्हणाला, "शेजारून येत असेल."

मग तिने मला विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

"ही घरीच असते," नवरा म्हणाला. प्रश्न मला होता. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणून मोकळा झाला.

मुलाच्या आईने मग आमच्या मुलीला विचारलं, लग्नानंतर नोकरी करणार ना, आमच्याकडे काही हरकत नाही. आणि माझी मुलगी, जिच्यासाठी मी पहाटेचं पीठ मळलं, ती ताठ बसून म्हणाली, "करणारच. आईसारखं नुसतं घरी बसणं मला नाही जमायचं."

सगळे कौतुकाने हसले. मुलाची आई म्हणाली, "शाब्बास!" माझ्या हातात वड्यांचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. आमच्या मागच्या बाजूला पाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवलं होतं, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नवऱ्याने दार उघडलं तर रिक्षावाला. "साहेब, मागचा रस्ता खनलाय, म्हनून इकरून आलो. पोल्या तयार हायत ना?"

नवरा म्हणाला, "कोण हवंय तुम्हाला? चुकून आलात. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये बघा."

रिक्षावाला त्याच्याकडे बघतच राहिला. हा माणूस रोज आमच्या गॅलरीशी येत होता, सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने त्याला स्वतःच्या हाताने क्रेट दिले होते, दिवाळीला आमच्याकडचा चिवडा खाल्ला होता त्याने. तो म्हणाला, "अवो साहेब, मी हाय ना. वलखला नाय काय?"

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी उठले आणि म्हटलं, "चुकून नाही आले ते. थांबा दादा, देते." आतल्या खोलीचं दार उघडलं आणि क्रेट हॉलमधून, पाहुण्यांच्या पायांजवळून, ओढत आणला. दुसऱ्या क्रेटला तो मुलगा उठला आणि त्याने एक बाजू धरली. आमच्या घरात माझ्या मदतीसाठी त्या क्रेटला आपण होऊन हात लावणारा तो पहिलाच.

"अय्या!" मुलाची आई म्हणाली. "म्हणजे हा तुमचा बिझनेस आहे? मग सांगायचं नाही का!"

"बिझनेस कसला," नवरा म्हणाला. तो हसत होता, पण कपाळावर घाम होता. "हिला हौस आहे. वेळ जातो जरा."

"छानच की! मग साखरपुड्याला केटरर कशाला बघायचा? पुरणपोळ्या विहीणबाईंच्या हातच्या! आमच्याकडची माणसं काही फार नाहीत."

"हो तर," नवरा म्हणाला. "आनंदाने करेल."

बाई मनाने वाईट नव्हती. तिला खरंच कौतुक वाटलं होतं. पण मी इतकी वर्षं लपवलेलं काम उघड्यावर येऊन पुरता श्वासही घेतला नव्हता तोवर ते फुकटात वाटूनही झालं होतं. मी म्हटलं, "करीन की. साधी पोळी दहा रुपये, पुरणाची पस्तीस. मोठी ऑर्डर आहे, थोडं कमी करू."

उदबत्ती संपत आली होती, तिची राख खाली पडली. मग मुलाचे वडील खाकरले आणि म्हणाले, "योग्य आहे, योग्य आहे." थोड्या वेळाने ते लोक उठले. लग्न मोडलं नाही, हे आधीच सांगून टाकते; नंतर रीतसर झालं, केटररच होता. पण त्या दिवशी पाहुणे गेले आणि दार लागलं तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं.

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू भाव सांगितलास? माझ्या सासूला तू पोळीचा भाव सांगितलास?"

"विचारलं नव्हतं, पण सांगितला," मी म्हटलं.

"इतकी पैशांची गरज होती तुला, तर बाबांकडे मागायचे ना! ते कधी नाही म्हणालेत? माझी एवढी फी त्यांनी एका शब्दाने न बोलता भरली. तू एका पोळीसाठी त्यांना मान खाली घालायला लावलीस."

मी नवऱ्याकडे बघितलं. आता तर त्याला पुढे यायलाही नको होतं, वेळ आपण होऊन त्याच्या पुढ्यात येऊन पडली होती. तो सोफ्यावरून उठला. त्याने टीपॉयवरचे चहाचे कप गोळा केले, एकावर एक बशा रचल्या, आणि आत गेला. लग्नापासून त्याने कधी स्वतःचा कप उचलला नव्हता. आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

"बघ," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बाबांना कप विसळावे लागतायत."

"जा आत," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. "फी कुणी भरली ते त्यांनाच विचार. माझ्यासमोर नको विचारूस, आत जाऊन विचार."

ती गेली. मी तिथेच उभी राहिले. नळ वाहत होता, त्यामुळे तिचा प्रश्न मला नीट ऐकू आला नाही, नुसतं 'बाबा, आई म्हणते' एवढं कळलं. मग नळ बंद झाला. इतक्या वर्षांनंतर, त्या सगळ्या अपमानानंतरही, मला आशा होती. याचीच मला आज जास्त लाज वाटते. तो म्हणाला, हळू, समजुतीच्या आवाजात, "जाऊ दे बाळा. दमलीय ती आज. बोलू दे तिला."

मुलगी बाहेर आली ती पाण्याचा ग्लास घेऊन. तिचा राग गेला होता. तिने मला खुर्चीत बसवलं, ग्लास हातात दिला आणि माझ्या मनगटावरच्या डागांवरून बोट फिरवलं, फार मायेने. "आई," ती म्हणाली, "तू हे पोळ्यांचं आता बंद कर. बाबा म्हणाले, आपल्याला कधीच त्याची गरज नव्हती."